सडकेवर दिसतं ते डांबराचं तेल नव्हे

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की गावागावांतल्या व्हॉट्सॲप गटांवर मृगजळाबद्दल एक मजकूर फिरतो: "उन्हानं डांबर वितळून त्याचं तेल वर येतं, तेच दुरून पाण्यासारखं चमकतं. ४५ अंशांच्या पुढेच हे घडतं. फोटोत काही येत नाही. ते दिसलं की समजा, ऊन लागलं."

डांबर मे महिन्यात मऊ होतं, चपलेला चिकटतं, एवढं खरं. पण वर आलेलं डांबर जागा सोडत नाही. जवळ गेलात तरी तो चकचकीत पट्टा तिथंच असतो. मृगजळ तुमच्यापुढे सरकत राहतं. समृद्धी महामार्ग तर काँक्रीटचा, तिथंही ते दिसतं. वखरून ठेवलेल्या सपाट काळ्या वावरावरही दिसतं, तिथं कुठलं डांबर?

सडक ६५ अंश तापली आणि वरची हवा ४५ अंश असली, तर सडकेला लागून असलेला काही सेंटिमीटरचा हवेचा थर विरळ होतो. प्रकाश दाट हवेच्या बाजूला वळतो. त्यामुळं समोरच्या आकाशातून जवळजवळ आडवा येणारा किरण सडकेला न टेकताच वर वळून डोळ्यांत शिरतो. पाणी वाटतं ते आकाश असतं, आणि तापलेली हवा सारखी हलते म्हणून ते लहरतं. मात्र नजर सडकेशी साधारण ०.३ अंशापेक्षा कमी कोन करत असेल तरच हे जमतं. डोळे दीड मीटर उंच असतील, तर मृगजळ पावणेतीनशे मीटरच्या पलीकडे सुरू होतं. उकिडवं बसून डोळे ७५ सेंटिमीटरवर आणा, ते निम्म्या अंतरावर येईल. तेल असतं तर असं सरकलं असतं का? वर्दळ नसलेल्या सडकेवर करून पाहा.

४५ अंशांची अटही खोटी. सडक आणि हवा यांच्या तापमानातला फरक पुरेसा हवा. तो ऑक्टोबरच्या उन्हातही मिळतो.

फोटो तर हमखास येतो, कारण प्रकाश खरोखर वळलेला असतो. मोबाइल जमिनीपासून फूटभर उंचीवर धरा आणि झूम करा.

त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य मात्र घातक आहे. मृगजळ ठणठणीत माणसालाही दिसतं. उष्माघाताची लक्षणं वेगळी: अंग भट्टीसारखं तापणं, बरळणं, झटके, शुद्ध हरपणं. अशा माणसाला लगेच सावलीत न्या, १०८ ला फोन लावा, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.