समुद्राचा कार्पेट एरिया

मी रंगवते ती चित्रे चार इंच बाय सहा इंचांची असतात, आणि त्यांचा दर चौरस फुटाला किती पडतो हे आजवर मला कोणीही विचारले नव्हते. परवा दादरच्या चौपाटीवर ते विचारले गेले, जागच्या जागी हिशेब करून सांगितलेही गेले, आणि तेव्हापासून माझे जे डोके फिरले आहे ते अजून ठिकाणावर आलेले नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर चित्र काढायचे तर पंचांग हाताशी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, म्हणजे तळ गाठणारी ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. ही वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकत असल्यामुळे कोवळे ऊन आणि उघडा पडलेला किनारा यांची गाठ पंधरवड्यातून जेमतेम तीन-चार सकाळी पडते. त्या वेळी ओल्या वाळूत आभाळ उतरलेले असते, काळ्या खडकांवरचे शेवाळ पोपटी दिसते, आणि पाणी मात्र काही केल्या निळे दिसत नाही. खाड्यांचा गाळ पोटात घेऊन आलेले ते पाणी करडे असते, आणि अल्ट्रामरिनमध्ये बर्न्ट सिएना कालवला की त्या करड्याच्या सगळ्या छटा मिळतात; सेरुलियनची महागडी ट्यूब तशीच वाळून जाते. सांगायचे एवढेच की अशी सकाळ मोलाची असते, आणि ती कोणी फुकट खाल्ली तर राग येणे साहजिक आहे.

ती खाणारे गृहस्थ पांढरे बूट, गुडघ्यापर्यंतची चड्डी आणि उन्हाळ्यातही काखेत छत्री अशा थाटात आले. माझ्या पाठीमागे उभे राहून त्यांनी बराच वेळ नुसता श्वास घेतला. मग उजव्या हाताच्या करंगळीचे वाढवलेले नख माझ्या खांद्यावरून पुढे आले आणि ओल्या आभाळापासून अर्ध्या इंचावर थांबले.

"ताई, इथे ओल आली आहे."

जलरंगात अर्धवट सुकलेल्या भागावर पाण्याचा थेंब पडला की कडेला कंगोरेदार डाग फुटतो. काही जण तो टाळतात. मी तो मुद्दाम सोडते, कारण किनाऱ्यावरचे ढग साधारण तसेच फुटलेले असतात. हे सगळे मी त्यांना समजावून सांगितले.

"ते ठीक," ते म्हणाले, "पण हे लीकेज वरून येतंय. वरच्या मजल्यावाल्याला सांगायला पाहिजे."

वरच्या मजल्यावर त्या वेळी फक्त एक घार होती. मी गप्प राहिले. त्यांनी त्याचा अर्थ आमंत्रण असा घेतला आणि शेजारच्या कठड्यावर रुमाल अंथरून बैठक मारली. चाळीस वर्षे याच पट्ट्यात, म्हणजे शिवाजी पार्क ते प्रभादेवी, जागांचे व्यवहार केले, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. मग विषयाला हात घातला.

"केवढ्याला देता?"

"पंधराशे."

"आणि साइज?"

"चार बाय सहा."

"फूट?"

"इंच."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलले, करंगळीचे नख हवेत फिरले. "चोवीस चौरस इंच. म्हणजे एका फुटाचा सहावा हिस्सा. मॅडम, तुमचा भाव 9,000 रुपये फूट पडतो." ताईची मॅडम याच क्षणी झाली. "या भावात पनवेलच्या पुढे पार्किंगसकट मिळतं."

तिथेच थांबले असते तरी मी हसून सोडून दिले असते. पण त्यांची नजर कागदाच्या चारी कडांना लावलेल्या पाव इंचाच्या टेपवर पडली. ही टेप शेवटी काढली की चित्राभोवती पांढरी चौकट उरते.

"हे पांढरं मार्जिन धरून चोवीस, की सोडून?"

"धरून."

"मग हा झाला तुमचा भिंती धरून बिल्टअप! आतलं कार्पेट किती?" त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "साडेतीन बाय साडेपाच. म्हणजे सव्वाएकोणीस इंच. कार्पेटवर भाव गेला 11,220. वापरात नसलेल्या जागेचं पंचवीस टक्के लोडिंग लावलंत, मॅडम! घरखरेदीचा रेरा कायदा आल्यापासून कार्पेटवरच बोलायचं असतं. गिऱ्हाइकानं तक्रार केली तर?"

साडेतीन बाय साडेपाच हा जुन्या चित्र-पोस्टकार्डांचा आकार आहे. महादेव विश्वनाथ धुरंधरांसारख्या चित्रकाराने, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाने, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोस्टकार्डांसाठी चित्रे काढली. मुंबईतली माणसे, त्यांचे पोशाख, त्यांचे धंदे त्या चिमुकल्या कार्डांवर मावले आणि टपालाने गावोगाव गेले. त्यांना कोणी लोडिंग विचारले असेल असे वाटत नाही. हे मी काकांना सांगितले. काकांनी मान डोलावली आणि विचारले, "पागडीचं होतं की ओनरशिपचं?"

आता खरे दुखणे सांगते. या शहरात हातात फोन धरून समुद्राकडे पाठ फिरवलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. टेप घेऊन फूटपाथ मोजणाऱ्याला लोक वाट करून देतात. पण ब्रश घेऊन एका जागी बसलेली बाई दिसली की ती सार्वजनिक मालमत्ता होते. तिला सल्ला देता येतो, तिच्या पाण्याच्या डब्यात वाकून पाहता येते, आणि "टाइमपास छान आहे" असे म्हणून तिच्या उभ्या आयुष्याचा निकाल लावता येतो. मोठी चित्रे काढा, असेही हेच लोक सांगतात. कुठे लावणार ती? ज्यांच्या घरात एका भिंतीवर टीव्ही, दुसरीवर छतापर्यंत कपाट आणि तिसरीवर खिडकी आहे, त्यांच्याकडे चित्रासाठी उरते ती दिव्याच्या बटनांशेजारची वीतभर जागा. मोठे प्रदर्शन भरवावे म्हटले तर जहांगीर आर्ट गॅलरीत तारीख मिळेपर्यंत कागदाला वाळवी लागेल. मी लहान चित्रे काढते ती काही गोड दिसतात म्हणून नव्हे, आणि 1,500 रुपयांतून कागद, रंग, फ्रेम आणि भाड्याची खोली वजा केली की माझे लोडिंग किती उरते, हे विचारायला मात्र कोणाचे नख पुढे येत नाही.

काकांचे काम अजून संपले नव्हते. "यात सी-लिंक कुठे आहे?"

वांद्रे ते वरळी समुद्रावरून जाणारी ती सी-लिंक समोरच होती. 2009 साली ती खुली झाल्यापासून दादर-माहीमच्या किनाऱ्यावरून दिसणाऱ्या प्रत्येक क्षितिजात तिच्या तारा आहेत, आणि चार बाय सहाच्या कागदावर त्या काढायला गेले की चित्रातला समुद्र संपून पुलाची जाहिरात सुरू होते. म्हणून मी ती गाळते.

"गाळता?" ते दचकले. "अहो, सी-लिंक व्ह्यू फुकट मिळालाय आणि तुम्ही तो प्लॅनमधून काढून टाकता? त्यानेच तर रेट चढतो!"

बोलता बोलता त्यांनी माझे सुकत ठेवलेले दुसरे चित्र उचलले, उलटे केले, मागे लिहिलेला माझा नंबर टिपून घेतला आणि भलत्याच कोणाला फोन लावला. पलीकडे कोणी इंटिरियरवाला होता. प्रभादेवीच्या एका टॉवरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजला सहा नग हवे होते, सगळ्यांत सी-लिंक पाहिजे, पाणी निळे पाहिजे. "पार्टी तयार आहे," काका फोनवर म्हणाले. पार्टी म्हणजे मी. दोन्ही बाजूंनी दोन टक्के दलालीही त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकली.

मी नकार दिला, चांगला स्पष्ट दिला. तोवर भरतीचे पाणी खडकांवर चढले होते आणि ज्या उजेडासाठी मी पहाटे उठले होते तो पांढराफटक होऊन गेला होता. काका रुमाल झटकून निघून गेले. मी ट्रेनमध्ये बसते न बसते तोच फोन वाजला: माझ्या खात्यात 101 रुपये जमा झाले होते आणि सोबत "टोकन" असा शब्द होता. मी लगेच कळवले की व्यवहार मान्य नाही, पैसे परत पाठवते आहे. त्यांचे उत्तर दोन मिनिटांत आले: टोकन परत घेण्याची आमच्याकडे पद्धत नाही, आणि ओल मात्र निळ्या रंगाआधी काढून घ्या.