उकळून जात नाही ते

२०२५ च्या जानेवारीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने पेपरातलं एक कात्रण टाकलं. केंद्रीय भूजल मंडळाचा अहवाल आला होता. भूजलात नायट्रेट, म्हणजे खतातून पाण्यात उतरणारा नायट्रोजनचा क्षार, सर्वांत जास्त असलेल्या देशातल्या पंधरा जिल्ह्यांत सात महाराष्ट्राचे, आणि त्यात आमचा वर्धा. सोबतीला बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव. लगेच ग्रुपवर जुंपली. पुण्याचा चुलतभाऊ म्हणाला, युरिया मुठीमुठीने फेकता, मग भोगा. काका म्हणाले, तुमच्या शहराचा मैला नदीत कोण सोडतं ते आधी सांग. कोणीतरी सेंद्रिय शेतीचा व्हिडिओ टाकून पळालं. शेवटी काकांनी नवीनच शोध लावला: अमेरिकेत नायट्रेटची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे आणि आपल्याकडे ४५, म्हणजे आपल्याला साडेचारपट विष पाजतात!

तसं नाही. अमेरिकेत नुसत्या नायट्रोजनचं वजन धरतात, आपण अख्ख्या नायट्रेटचं. त्यांचे १० म्हणजे आपले जवळजवळ ४५च. पण हे मी लिहीपर्यंत ग्रुप लग्नाच्या फोटोंवर गेला होता. रात्री दादाचा फोन आला. "काहून वं, तुमच्याइकडं असं नसन ना?"

आमच्याइकडं म्हणजे आयोवा राज्यात, डी मॉइन शहरात. मी बारा वर्षांपासून इथे विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं सांभाळते. मी म्हटलं, दादा, इथे जास्तच आहे. तो हसला. परदेशातली बहीण माहेराला बरं वाटावं म्हणून काहीही बोलते, असा तो हसण्याचा सूर होता.

जूनमध्ये मी त्याला फोनवर आलेला मेसेजच पाठवला. १२ जून २०२५ पासून शहरात आणि आसपासच्या गावांत लॉनला पाणी घालायला बंदी. दुष्काळ नव्हता, उलट पाऊस चांगला झाला होता. रॅकून आणि डी मॉइन या दोन नद्यांतलं नायट्रेट मर्यादेच्या दीडपटीवर गेलं होतं. इथल्या जलकेंद्रात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून नायट्रेट काढण्याची यंत्रणा आहे, जगातल्या मोठ्यांपैकी एक. ती चालवायला दिवसाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येतो. पण तीही एका दिवसात ठरावीकच पाणी साफ करू शकते. सहा लाख लोक पितात ते पाणी मर्यादेत ठेवायचं, तर गवताला द्यायचं बंद करा, इतका साधा हिशेब होता. महिनाभराहून जास्त काळ आमची गल्ली पिवळी पडलेली होती. आयोवातल्या माणसाला लॉन पिवळं दिसणं म्हणजे आपल्याकडे दिवाळीत अंगणात सडा-रांगोळी नसण्यासारखं.

हे नायट्रेट येतं कुठून, ते मी एकदा जवळून पाहिलंय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांची मका-सोयाबीनची शेती आहे. एप्रिलमध्ये त्यांनी मला बांधाकडे नेलं. एक हातभर रुंद पाइप नाल्याच्या काठातून बाहेर आलेला, आणि त्यातून धो धो पाणी पडत होतं. नितळ, थंडगार, ओंजळीने प्यावंसं वाटेल असं. मध्य आयोवाच्या शेतांखाली तीन-चार फुटांवर अशा भोकांच्या नळ्यांचं जाळं आहे. पूर्वी ही दलदल होती. पाणी काढून टाकलं तेव्हाच ही काळी जमीन पिकायला लागली. पहिल्या मातीच्या नळ्या म्हाताऱ्यांच्या आजोबांनी पुरलेल्या, नंतर प्लास्टिकच्या आल्या. मका ऑक्टोबरात निघतो आणि पुढचा मे महिन्यात डोकं वर काढतो. मधले सहा-सात महिने जमीन उघडी. खाणारं मूळ नाही, पण खत मात्र जमिनीत. कारण पुष्कळ शेतकरी अमोनियाचं खत शरद ऋतूतच जमिनीत टोचून घेतात. तेव्हा वेळ असतो, वसंतात चिखलात ट्रॅक्टर जाईल याची खात्री नसते. मग वसंतातला पाऊस ते सगळं नळ्यांतून नदीत नेतो. वर डुकरांचं खत. या राज्यात माणसांच्या सातपट डुकरं आहेत.

मी त्यांना विचारलं, शिफारशीपेक्षा जास्त घालता का? म्हातारे गालात हसले. म्हणाले, थोडं जास्त घातलेलं बरं, तू विम्यात आहेस, तुला कळायला हवं. दादा कापसाला एकरी एक गोणी वरून देतो, तेव्हा अगदी हेच म्हणतो, फक्त विम्याच्या जागी 'मनाची शांती' म्हणतो.

या राज्याने उपाय काय केला? २०१३ मध्ये एक योजना आखली. नदीत जाणारं नायट्रोजन आणि फॉस्फरस ४५ टक्क्यांनी कमी करायचं, आणि सगळं ऐच्छिक. ज्याला वाटेल त्याने हिवाळ्यात जमीन उघडी न ठेवता राय हे गव्हासारखं पीक पेरावं, नळीच्या तोंडाशी लाकडाच्या ढलप्यांचा चर खणावा. हे उपाय खरंच चालतात, पण करणारे कमी. २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने नदीच्या वरच्या अंगाच्या तीन काउंट्यांतल्या (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) निचरा मंडळांवर, म्हणजे शेतांतलं पाणी बाहेर काढण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांवर, खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. अमेरिकेच्या १९७२ च्या जलकायद्यात कारखान्याच्या पाइपाला परवाना लागतो, पण शेतातून पावसाने वाहून आलेल्या पाण्याला सूट आहे. म्हणजे शेतकरी वर, शहर खाली, आणि मध्ये यंत्र. वर कोणी काही बदलत नाही, खाली बिल वाढतं. डी मॉइन ज्यात येतं त्या पोल्क काउंटीने नेमलेल्या अभ्यासकांनी २०२५ च्या जुलैत सांगितलं की नद्यांतलं सुमारे ८० टक्के नायट्रेट शेतीतून येतं. ऐकून कोणाला धक्का बसला नाही.

गंमत म्हणजे या दुखण्याचं पहिलं निदानही इथलंच. आयोवातल्या हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ मध्ये लिहिलं, की विहिरीच्या पाण्यात कालवलेलं दूध पिऊन तान्ही मुलं निळी पडतात. नायट्रेटमुळे रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ज्या राज्याने हे जगाला सांगितलं, त्याने ऐंशी वर्षांत फक्त यंत्र मोठं केलं.

म्हणून घरच्या भांडणात 'अमेरिकेत असं चालत नाही' हे वाक्य कोणी टाकलं की मला राग येतो. चालतं. पण मला जास्त खटकते ती आपली 'शेतकरी विरुद्ध शहर' ही मांडणी. ती इथे खरी आहे, तिकडे नाही. इथे खत घालणारा आणि पाणी पिणारा यांच्यामध्ये शंभर मैल नदी आहे. आमच्या गावात दोघं एकाच विहिरीवर असतात. काळ्या खडकाच्या उथळ विहिरी, ज्या शेतात युरिया पडतो त्याच शेतात. दुपारी भाकरीबरोबर तेच पाणी. तेव्हा 'शेतकरी आधीच पिचलाय, त्याला बोलू नका' म्हणणारे काका ज्याची बाजू घेतात, त्याच्याच पोराच्या पेल्यात ते आहे. आणि चुलतभावाने हेही पाहावं की ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपयांना आणि डीएपी या दुसऱ्या खताची ५० किलोची १३५० ला मिळते. हे भाव दादाने ठरवलेले नाहीत. २०१० मध्ये केंद्राने बाकी खतांचं अनुदान त्यांतल्या अन्नघटकांवर नेलं आणि युरियाला बाहेर ठेवलं, म्हणून तो स्वस्तच राहिला. स्वस्त ते जास्त पडणारच. वर दुकानदार युरिया हवा तर ही बाटली घ्याच म्हणून लिंकिंग करतो, ते वेगळं.

मागच्या डिसेंबरात मी नायट्रेट तपासायच्या पट्ट्यांची एक डबी बॅगेत टाकून नेली. शेतातल्या विहिरीत पट्टी बुडवली, मिनिटभर थांबलो, चांगलीच गुलाबी झाली. दादा गप्प. मग घरामागच्या बोअरचं पाणी घेतलं, जे आम्ही पितो. ती पट्टी जांभळट गेली. तिथे तर कापूस नाही, मग? बोअरपासून पंधरा पावलांवर उकिरडा, आणि पलीकडे संडासाचा शोषखड्डा. नायट्रेट शेणातूनही येतं आणि मैल्यातूनही. ग्रुपवरच्या सेंद्रिय व्हिडिओवाल्याला हे सांगायला हवं होतं.

आई म्हणाली, "मी तं रोज उकळूनच देतो पाणी." इथेच खरा घोळ आहे. जंतू उकळून मरतात, नायट्रेट जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते मागे राहतं, म्हणजे उकळाल तेवढं घट्ट होतं. तुरटीने जात नाही, फडक्याने जात नाही. आरओने जातं, पण गावच्या आरओच्या कॅनवर सगळं सोपवलं तर आम्ही डी मॉइनच झालो, फक्त यंत्र छोटं. त्या कॅनपेक्षा मला ग्रामपंचायतीत भिंतीवर लावलेला विहिरीगणिक तपासणीचा कागद जास्त हवा आहे. कोणाची विहीर किती, हे कळलं की दोषाचं भांडण आपोआप छोटं होतं, असा माझा तरी अंदाज आहे.

दादाने उकिरडा शेताच्या दुसऱ्या टोकाला नेला. यंदा कापसाच्या सहा तासांना, म्हणजे ओळींना, वरची गोणी दिली नाही, काठ्या रोवून चिंध्या बांधल्यात म्हणजे वेचताना ओळखू येतील. युरियाही एकदम न टाकता तीनदा विभागून, पाऊस पाहून दिला. बोंडं बाकीच्यांइतकीच दिसतात म्हणतो, पण वजन झाल्याशिवाय तो मान्य करणार नाही. पट्ट्या संपल्या, शेजारचे मागतात, आणखी पाठव म्हणून काल मेसेज होता. आई अजून पाणी उकळतेच.