तीस डॉलरचा चाबूक आणि त्याच्या पोटातला पुठ्ठा

आज दुपारी ब्रिस्बेनमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या सहभोजनाला आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी गाडीच्या डिकीतून एक तुटका चाबूक काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि ‘तुम्ही यातल्या जाणकार, तर सांगा, कुठले तेल लावले असते म्हणजे हा टिकला असता?’ असे विचारले. चाबूक सुट्टीत कुठल्याशा पर्यटकांच्या बाजारातून तीस डॉलरला घेतलेला होता. ‘हाताने विणलेला, अस्सल चामडे’ अशी चिठ्ठी त्याला अजून लोंबत होती आणि मुठीपासून वीतभर अंतरावर वेण उसवून आतला घडी घातलेला पुठ्ठा बाहेर डोकावत होता. पुठ्ठ्याला लावायचे तेल माझ्या माहितीत नाही, असे मी म्हणाले. त्यावर कोणीतरी माझ्या नवऱ्याकडे पाहून ‘वहिनींच्या हातात चाबूक आहे, जरा जपून राहा बरे’ असा विनोद केला आणि सगळे हसले. हा विनोद चाबूक घरात आला तेव्हापासून मी ऐकते आहे आणि सांगणाऱ्याला तो दर वेळी नव्यानेच सुचलेला असतो. तिथे मीही हसण्यावारी नेले. घरी येऊन भांडी आवरल्यावर मात्र डोके तापले, म्हणून लिहायला बसले आहे.

विनोदाचा राग फारसा नाही. राग याचा आहे की, मी माझा बुलव्हिप, म्हणजे मुठीपासूनच विणलेला चामड्याचा लांब चाबूक, घेतला तेव्हा याच गृहस्थांनी त्याची किंमत ऐकून ‘सहाशे डॉलर? चाबकाला?’ असे म्हणत कपाळावर हात मारून घेतला होता, आणि मी फसवली गेले अशी बातमी अर्ध्या ब्रिस्बेनला पुरवली होती. आज स्वतःच्या चाबकातून पुठ्ठा निघाल्यावरही त्यांचा प्रश्न तेलाचाच होता. वस्तू कोणी केली, कशी केली, आत काय भरले, हे विचारायचे त्यांच्या मनातच आले नाही.

माझा चाबूक ब्रिस्बेनच्या पश्चिमेला असलेल्या टूवूम्बा शहराच्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये तयार झाला. करणारा माणूस सत्तरीच्या पुढचा आहे, बोलतो कमी आणि बोलतो तेही बहुतेक हातातल्या वादीशी. मी तिथे गेले तेव्हा सोबत नवरा होता, पण त्या म्हाताऱ्याने सगळे प्रश्न मला विचारले. माझी उंची किती, वाजवणार कुठे, गवतावर की अंगणातल्या फरशीवर, आणि यापूर्वी कधी हातात धरला आहे का. मग त्याने स्वतःचा जुना चाबूक माझ्या हातात दिला आणि बाहेर गवतावर नेऊन उभे केले. मी वेडेवाकडे हात फिरवत असताना आवाज निघतो की नाही याकडे त्याचे लक्षच नव्हते, तो नुसता माझ्या मनगटाकडे पाहत होता. माझ्या मनात आठ फुटी होता. त्याने सहा फुटी सांगितला आणि वर हेही सांगितले की, बुलव्हिपची लांबी मुठीच्या बुडापासून वेण संपते तिथपर्यंतच मोजतात, वेणीपुढची चामड्याची सुटी पट्टी, म्हणजे फॉल, आणि तिच्या टोकाला बांधलेला दोऱ्याचा गोंडा, म्हणजे क्रॅकर, त्यात धरत नाहीत. म्हणजे सहा फुटी म्हणून घेतलेला चाबूक हातात आल्यावर आठ-नऊ फुटांचा होतो आणि नवख्या माणसाला तेवढा पुरून उरतो. बाजारातला विक्रेता हे सांगत नाही, कारण त्याला जास्त फूट विकायचे असतात.

इथल्या गुराख्यांचा स्टॉकव्हिप वेगळा, हे आपल्या लोकांना सांगून मी थकले आहे. त्याची लांब मूठ सुटी असते आणि ती चामड्याच्या दुहेरी फासाने वेणीला जोडलेली असते. बुलव्हिपमध्ये वेण मुठीवरूनच सुरू होऊन अखंड खाली जाते. १५ सप्टेंबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकचे उद्घाटन झाले ते एका एकट्या घोडेस्वाराने. भल्या मोठ्या मैदानात त्याचा घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, चाबूक कडाडला आणि मग १२० घोडेस्वार आत आले. या देशाने सगळ्या जगासमोर स्वतःची ओळख ज्या आवाजाने करून दिली, त्यावर आपण वहिनींचे विनोद करतो. ठीक आहे, करा.

आता त्या सहाशे डॉलरांबद्दल. त्या शेडमध्ये मी पाहिलेली एक गोष्ट अजून डोळ्यांसमोर आहे. म्हाताऱ्याने कांगारूचे एक अखंड कातडे फळीवर पसरले, छोट्या पात्याची सुरी मुठीत धरली, अंगठ्याचे नख कातड्याच्या कडेला टेकवले आणि कडेकडेने गोल फिरत एक वादी कापत नेली. मोजपट्टी नव्हती, खूण नव्हती, रुंदी ठरवत होता तो फक्त अंगठा. वादी सापासारखी वेटोळे घेत मांडीवर जमत होती आणि कातडे मधल्या भागाकडे लहान लहान होत चालले होते. कापून झाल्यावर त्याने ती वादी ताणली, जिथे जास्त ताणली गेली तिथे बारीक केली, मग दोन्ही कडा आतल्या बाजूने तासल्या, म्हणजे विणताना एक पेड दुसऱ्यावर उंचवटा न करता बसतो. त्यानंतर साबण आणि चरबी घोटून केलेले मलम लावले. हे सगळे एका वादीचे झाले. अशा बारा पेडांची वेण, आणि तीही फक्त वरची.

कारण खरा चाबूक आत असतो. मध्यभागी चामड्याचा गाभा, त्यावर विणलेला आतला थर, म्हणजे पहिले पोट, त्यावर घट्ट गुंडाळलेली चामड्याची पट्टी, चांगल्या चाबकात त्यावर पुन्हा दुसरे पोट आणि पुन्हा पट्टी, आणि सर्वांत शेवटी आपल्याला दिसते ती नक्षीची वेण. यातला प्रत्येक थर मुठीकडे जाड आणि टोकाकडे बारीक होत जातो आणि टोकाकडे सरकताना पेड हळूहळू कमी करत आत सोडून द्यावे लागतात. हा निमुळतेपणा शोभेसाठी नसतो. हाताने दिलेला झटका वळशाच्या रूपाने पुढे सरकतो आणि पुढचा भाग हलका होत गेल्यामुळे त्याचा वेग वाढत जातो. तो ध्वनीच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला पोहोचतो तेव्हा जो कडाका ऐकू येतो, तो चाबकाचे टोक कशावर तरी आपटल्याचा नसतो, तो हवेतलाच स्फोट असतो. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या गोरिएली आणि मॅकमिलन या गणितज्ञांनी २००२ मध्ये हा सरकता वळसाच आवाजाचे मूळ असल्याचे मांडले. शेडमधल्या म्हाताऱ्याला हे गणित येत नसेल, पण त्याने माझ्या चाबकाचे पोट दोन बोटांच्या चिमटीत धरून मुठीपासून टोकापर्यंत सरकवले, एका जागी थांबला आणि तेवढा भाग उलगडून पुन्हा विणला. मला तिथे काहीच जाणवले नव्हते. पुठ्ठा भरलेल्या चाबकात वळसा पुठ्ठ्यापाशी येऊन मरतो. मग माणूस खांद्याने जोर लावतो आणि वेण उसवते.

कांगारूचेच कातडे का, असे विचारणाऱ्या शाकाहारी मैत्रिणींना उत्तर देते. त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे असतात, त्यामुळे ते गाईच्या कातड्यापेक्षा कितीतरी पातळ केले तरी तुटत नाही. इथे या शिकारीला सरकार दर वर्षी मर्यादा ठरवून देते. नाइकी आणि प्यूमा या कंपन्यांनी २०२३ मध्ये हे चामडे सोडायचे जाहीर केले, त्यामागे काही विचार असेल हे मान्य. ज्यांना पटत नाही त्यांनी नायलॉनचा घ्यावा. तो पावसात भिजला तरी चालतो आणि शिकायला वाईट नसतो, एवढे कबूल करते. गाईच्या कातड्याचा साधा चारपेडी चाबूकही प्रामाणिकपणे केलेला असेल तर आयुष्यभर काम देतो, आणि नुसते पेड मोजून भाव करणे हा शुद्ध बावळटपणा आहे. चोवीस पेडांच्या खालीही पुठ्ठा असू शकतो.

आता जे लिहिणार आहे ते काही जणांना झोंबेल. सांगलीकडच्या आमच्या गावी आजोबांची बैलगाडी होती आणि तिच्या आडकणीला आसूड खोचलेला असे: वेताची काठी, वादी आणि टोकाला गोंडा. तो आसूड, आमच्या वहाणा, बैलांच्या गळ्यातले पट्टे आणि त्याच्याही आधीच्या काळात विहिरीवरची मोट, हे सगळे एका घरातून होऊन येत असे. ते घर गावाच्या बाहेर होते. बाभळीच्या सालीत कमावलेल्या कातड्याचा वास नको म्हणून ते लांब ठेवले होते असे आम्हाला सांगितले जाई, आणि आम्ही ते ऐकून घेत असू. ते काम करणारे आजोबांपेक्षा वयाने मोठे होते तरी घरातली शेंबडी पोरेसुद्धा त्यांना अरे-तुरे करत. सुगीत खळ्यावर येऊन ते पदरात पडेल तेवढे धान्य नेत आणि त्यावरही ‘जास्त घेतलेस’ असे कोणीतरी म्हणेच. त्यांची रापीसुद्धा अशीच अंगठ्याच्या आधाराने चालत असे. टूवूम्बाच्या शेडमध्ये तो नखाचा टेकू पाहिला तेव्हा मला आधी ते आठवले आणि मग नीट बोलता येईना. ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्याला आपण ‘मास्टर क्राफ्ट्समन’ म्हणतो, त्याच्यासोबत फोटो काढतो. हेच काम करणाऱ्या आपल्या माणसाला आपण ओसरीवर बसू दिले नाही. आणि इतके होऊनही इथे येऊन आपला पहिला प्रश्न ‘कमी किती कराल’ हाच असतो.

असो. विषय सोडून जायचे नाही असे ठरवून बसले होते.

निगा कशी राखायची ते सांगते, कारण गेल्या वेळी फोटो टाकला तेव्हा पाच-सहा जणांनी विचारले होते. सर्वांत जास्त चाबूक तेलाने मरतात. आपल्याला चामडे दिसले की एरंडेल किंवा खोबरेल आठवते आणि आपण ते पाजत राहतो. कांगारूच्या वेणीला जास्त तेल पाजले की ती फुगते, पेड सैल पडतात आणि चाबूक लेचापेचा होतो. चामड्याचे घट्ट मलम बोटावर अगदी थोडे घ्यावे, वेणीवर चोळावे, उरलेले फडक्याने पुसून टाकावे, आणि हे चामडे कोरडे वाटेल तेव्हाच करावे. पुढची फॉलची पट्टी मात्र जमिनीवर घासते, तिला मलम अधिक वेळा लागते आणि ती झिजली की बदलायची असते. क्रॅकर तर झिजण्यासाठीच असतो. तो नसताना वाजवत राहिलात तर फॉलचे टोक फाटते, म्हणून दोरा विणून चार क्रॅकर जवळ करून ठेवावेत. डांबरावर, खडीवर, फरशीवर वाजवू नये. चश्मा आणि टोपी घालावी. ज्यांना हे भित्रेपणाचे वाटते त्यांनी एकदा स्वतःच्या कानाला क्रॅकर लागू द्यावा.

भिजला तर पुसून सावलीत, वाऱ्यावर लांब सोडून वाळवावा. हीटरसमोर, उन्हात किंवा जानेवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, बंद गाडीत ठेवू नये, आणि ओला असताना वाजवू तर अजिबात नये. ब्रिस्बेनच्या उन्हाळी पावसात कपाटातल्या चामड्याला बुरशी धरते, हे कोकणातल्या मैत्रिणींना वेगळे सांगायला नको. कोरड्या फडक्याने ती पुसावी आणि वस्तू हवेशीर जागी ठेवावी. खिळ्याला टांगल्याने एकाच जागी मोड पडते. जाड गोल खुंटी हवी, नाहीतर मोठे सैल वेटोळे करून ठेवावा. वेटोळे कोणत्या बाजूला घालायचे हेसुद्धा चाबूकच सांगतो. म्हाताऱ्याने माझा चाबूक तळहातावर आडवा धरून त्याला आपोआप झुकू दिले आणि म्हणाला, हा याचा कल, याच्या उलट याला कधी वळवू नकोस, वाजवतानाही आणि ठेवतानाही. घरी आल्यावर मी नवऱ्यालाही हे दाखवले. हल्ली चाबूक खुंटीवरून काढला की तो आधी कल बघतो, त्यामुळे दुपारी त्याच्यावरून झालेल्या विनोदाला तोही हसला याबद्दल त्याला अर्धी माफी आहे.

मेसेंजरवर ‘पत्ता पाठव, पण काही कमी करतो का ते आधी विचार’ असे दोघांनी आताच कळवले आहे. पत्ता पाठवीन, दुसरे काम माझ्याकडून होणार नाही. मागणी नोंदवल्यावर काही महिने थांबावे लागते आणि मध्ये फोन केलेला त्याला आवडत नाही.

लेकीलाही आता स्वतःचा हवा आहे. ती तो पहिल्याच आठवड्यात पावसात लॉनवर विसरणार याची मला खात्री असल्यामुळे तिच्यासाठी नायलॉनचाच सांगितला आहे, त्याच म्हाताऱ्याकडे. तो नायलॉनचेही विणतो, फक्त पैसे घेताना तोंड जरा वाकडे करतो.