कॉरोनर पैशांसाठीच यायचा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब. इंग्लंडमधल्या विल्टशायर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कॉरोनरवरच्या, संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरच्या, माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच हजेरी घेतलीत. हा मुळात राजाचा वसुली कारकून, मैलावर भत्ता घेणाऱ्याच्या कागदांवर विश्वास कसला, आणि आपला पंचनामा काय वाईट, असे तुमचे तीन सवाल.

वसुलीचं म्हणणं सोळा आणे खरं. 1194 साली इंग्लंडच्या प्रत्येक काउंटीत तीन सरदार आणि एक कारकून कॉरोनरच्या कामावर नेमले, ते राजाचं येणं बुडू नये म्हणून. कैदेतल्या राजा रिचर्डच्या सुटकेच्या खंडणीनं तिजोरी खडखडीत झाली होती. गाडीखाली माणूस मेला की गाडीची किंमत सरकारजमा, असा कायदाच होता. 1841 मध्ये शेजारच्या बर्कशायरात, सॉनिंगच्या रेल्वे अपघातात कॉरोनरच्या ज्युरीनं, म्हणजे निकाल देणाऱ्या पंचमंडळानं, इंजिन आणि डब्यांवर हजार पौंड ठोकले. पुढं 1846 मध्ये तो कायदाच गेला. कंपन्यांच्या पोटात दुखल्यावर कायदे भराभर बदलतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

भत्त्याचं गणित मात्र तुम्ही उलटं मांडलंय. आधी कॉरोनरला फी मिळायची ती फक्त खुनाच्या चौकशीला, 13 शिलिंग 4 पेन्स, तीही मारेकऱ्याच्या मालमत्तेतून. बुडून मेलेल्या मजुरासाठी चिखल तुडवत कोण जाणार? 1752 पासून प्रत्येक चौकशीला 1 पौंड आणि घरापासून दर मैलाला 9 पेन्स मिळू लागले, तेव्हा बिलं आली. विल्टशायरची 1796 पर्यंतची बिलं टिकली आहेत. गाव, मेलेल्याचं नाव, निकाल, मैल. बिल तपासणारे मॅजिस्ट्रेट त्याच मुलखातले जमीनदार, पैसे जाणार काउंटीच्या करातून. कुठलं गाव किती लांब हे त्यांना तोंडपाठ. मैल फुगवणं सोपं नव्हतं.

खोट आहे ती दुसऱ्या बाजूला. पुढं एकोणिसाव्या शतकात ‘ही चौकशी अनावश्यक’ म्हणत अनेक काउंट्यांतल्या मॅजिस्ट्रेटांनी बिलं कापायला सुरुवात केली. अंगावर जखम नाही म्हटल्यावर कॉरोनरही जाईनासे झाले. विषप्रयोग किंवा तान्ह्या मुलाचा संशयास्पद मृत्यू अशा वेळी सहज पचायचा. 1860 च्या कायद्यानं पगार सुरू झाला तो यावरच तोड म्हणून. कायद्याचं किंवा वैद्यकीचं शिक्षण सक्तीचं व्हायला तर 1926 उजाडलं.

आता पंचनामा. मुंबईनं 1999 मध्ये कॉरोनर मोडीत काढला हे खरं, पण तो 1871 च्या कायद्यानं चालणारा, शहरापुरता. खेड्यात त्याला कुणी पाहिलंच नाही. तिथं पोलीस पाटलाची वर्दी आणि हवालदाराचा कागद. विल्टशायरच्या खेड्यात चौकशी बहुधा गावच्या दारूच्या गुत्त्यात, चारचौघांसमोर व्हायची. बारा-पंधरा गावकऱ्यांच्या ज्युरीनं प्रेत स्वतः पाहिलंच पाहिजे, नाहीतर निकाल बाद. ही सक्तीही 1926 पर्यंत होती.

तुमच्या नोकरीच्या काळात किती पंच प्रेताजवळ गेले आणि किती जणांनी चहाच्या टपरीवर सह्या केल्या, ते तुम्हीच लिहा. न कापता छापतो.