पुण्य राहू द्या, प्रमाणपत्र द्या

नोकरी नाही, अनुभव नाही, मामा मंत्रालयात नाही? हरकत नाही, समाजसेवा करा. पूर्वी मुलगा समाजसेवेला लागला की घरचे म्हणायचे, गेला हा कामातून. आता लागला नाही तर म्हणतात. बायोडेटात 'छंद : वाचन, संगीत' याच्या वर दोन ओळी रिकाम्या दिसल्या, की एचआरच्या मॅडमना चैन पडत नाही. त्या दोन ओळी भरायच्या कशा, तेवढंच सांगतो.

आधी एक. स्वतःला स्वयंसेवक म्हणवून घेऊ नका. आत्या लगेच 'कुठल्या शाखेत?' म्हणून विचारते आणि आपण बँकेची शाखा समजून 'कोथरूड' सांगून मोकळे होतो. व्हॉलंटियर म्हणा. वजन पडतं.

कॉलेजात असाल तर राष्ट्रीय सेवा योजना आहेच. गांधीजींच्या जन्मशताब्दीत, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. हिशेब सोपा आहे : वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं एक शिबिर. बिल्ल्यावर कोणार्कच्या रथाचं चाक असतं. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास सेवेला हजर. घाबरू नका, हजेरी घेणारे सर पाचच्या बसने जातात. ब्रीदवाक्य आहे 'नॉट मी, बट यू'. कुणी टिकाव पुढे केला की शेजारच्याकडे बघून हेच म्हणायचं.

पण खरी सेवा घडते ती नोंदवहीत. आमच्या वेळी वह्या द्यायच्या आदल्या रात्री हॉस्टेलच्या एका खोलीत आम्ही सहा जणांनी दोन वर्षांची सेवा केली. रात्री नऊला बसलो, पहाटे साडेतीनला देशाचं ऋण फेडून उठलो. एकाने ३१ जूनला परिसर स्वच्छता केली होती. त्यावरही सही झाली. तरी तुम्ही बेसावध राहू नका. पेनं बदला. पावसाळ्यातल्या पानांवर जरा पाणी शिंपडा, जानेवारीत कुठेतरी चहाचा डाग पडू द्या. सहाही वह्या एकाच निळ्या जेल पेनाने लिहिलेल्या असल्या की राष्ट्रसेवा उगाच एकसुरी वाटते.

(गाडगेबाबांनी जन्मभर गावं झाडली, तास काही मोजले नाहीत. आज त्यांच्या नावाच्या अमरावतीच्या विद्यापीठातही प्रमाणपत्र तास मोजूनच मिळतं. खराटा होता, वही नव्हती. चूक कुणाची?)

शिबिर दत्तक गावात असतं. सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. श्रमदान उन्हात आणि बौद्धिक वडाखाली, अशी वाटणी का असते ते पहिल्याच दिवशी कळतं. वड गावानेच लावलेला असतो.

फोटोचं मात्र मनावर घ्या. टिकाव डोक्याच्या वर गेला की थांबा. खाली आलेल्या टिकावाचा फोटो कुणी बघत नाही. घमेलं अर्धं भरा, चेहरा पूर्ण दमवा. आणि वृक्षारोपणाला एका रोपाला निदान अकरा हात लागले पाहिजेत. आम्ही करंजाचं रोप लावलं तेव्हा फोटो इतका झकास आला की काळी पिशवी काढायची राहिलीच. पिशवीसकट माती लोटली. गावातलं एक पोरगं म्हणालं, "सर, पिशवी." त्याला आम्ही प्रेमाने कॅमेऱ्याच्या मागे उभं केलं.

नोकरी लागली म्हणून सुटका नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ मोठ्या कंपन्यांकडून सरासरी नफ्याचे दोन टक्के मागतं, पण दोन टक्क्यांचा फोटो कसा काढणार? म्हणून शनिवारी सगळ्यांना एकसारखे टीशर्ट घालून झेडपीच्या शाळेची भिंत रंगवायला नेतात. गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीने फुलपाखरं काढलेली असतात, त्यांच्यावर यंदा पृथ्वी आणि तिला मिठी मारणारे दोन हात. मास्तर बिचारे काही बोलत नाहीत. फक्त पाढ्यांचा तक्ता लावायला खिळा ठोकतात, तेव्हा तो भिंतीला पोचायलाच वेळ लागतो.

आता हे सगळं बायोडेटात उतरवायचं. माणसांची साखळी करून घमेली पुढे सरकवली, ते सप्लाय चेन. सरपंचांकडे दोनदा चहा झाला, ते स्टेकहोल्डर मॅनेजमेंट. जेवणाच्या रांगेत 'ए, मागे हो' म्हणून ओरडलात, ते क्राउड हँडलिंग. पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बायकांनी चाळीस जणांची सात दिवस सोय केली, त्याला शब्द शोधत बसू नका. त्या कुठे अर्ज करणार आहेत?

मुलाखतीत फोटो दाखवाच. समोरचे साहेब चष्मा वर करून म्हणतील, "हे देऊळ ओळखीचं वाटतंय. आमचंही शिबिर इथेच होतं." झालं, नोकरी पक्की. कॉलेजं वेगळी, गाव तेच, टेकडी तीच, बहुतेक खड्डाही तोच. फक्त एक जपा. तुमचं झाड आता केवढं झालं, हे त्यांनी विचारायच्या आत त्यांच्या झाडाचं तुम्ही विचारा.