तत्त्वज्ञान-समुपदेशक व्हायचंय? या की मग

मागच्या रविवारी आमच्या बेळगावात एका कॉलेजात 'तत्त्वज्ञानात्मक समुपदेशन', म्हणजे माणसाच्या अडचणीवर तत्त्वज्ञानाच्या अंगानं त्याच्याशी बोलणं, अशी कार्यशाळा झाली. फी 800, नाश्त्याला उप्पीट, नि सर्टिफिकेट लॅमिनेट करून. म्हणजे मी आता सर्टिफाइड आहे, तेव्हा गुमान ऐका.

पहिलं, गेर्ड आखेनबाख हे नाव पाठ करा. 1981 साली जर्मनीत कोलोनजवळ बेर्गिश ग्लाडबाखला त्यांनी लोकांशी बोलायला स्वतःची तत्त्वज्ञानाची प्रॅक्टिस उघडली. ठरलेली पद्धत नको, समोरच्यासोबत बसून विचार करायचा, असं त्यांचं म्हणणं. हे सांगून झालं की पुढच्याच स्लाइडवर 'आखेनबाख पद्धतीच्या सात पायऱ्या' लावा. कोण विचारतंय?

फळ्यावर 'ज्ञानमीमांसा' लिहा, म्हणजे ज्ञान म्हणजे काय नि ते कसं मिळतं याचा विचार. कन्नडात काय म्हणतात विचारलं तर 'ज्ञानमीमांसे' म्हणा, झालं की.

चहाच्या वेळी हळूच म्हणा की समुपदेशन हे काय खरं तत्त्वज्ञान नव्हे, पाणी घातलेलं ताक आहे. मानधनाचं पाकीट मात्र दाट असू दे.

समोरचा रडकुंडीला आला तर पाणी देऊ नका, व्याख्या विचारा. हे मी भोगलंय. प्रश्नोत्तरांत उठलो नि विचारलं, सर, बाबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत, मी पुण्याची नोकरी सोडून अनगोळला आलोय, बायको-पोरं तिकडंच, आता भाऊ म्हणतो केअर सेंटरला ठेवूया, मला ते पटत नाही पण रात्री तीनला त्यांची कूस बदलताना मनात येतं की ह्यातनं कधी सुटणार, नि मग माझीच मला लाज वाटते, तर मी वाईट मुलगा आहे का? सर म्हणाले, आधी 'वाईट' म्हणजे काय ते ठरवू. मग कांट, मग बेंथम, हे बरं-वाईट कशावरनं ठरवायचं ते सांगणारे तत्त्ववेत्ते, मग परत कांट, वीस मिनिटं, नि शेवटी घड्याळ बघून म्हणाले, तसा हा प्रश्न सायकॉलॉजीवाल्यांचा, आमच्यात बसत नाही. लंच ब्रेक!

बसत नाही? अहो, आजारी माणसाला डॉक्टरकडं पाठवा, ते बरोबरच आहे. पण मी आजारी नव्हतो हो. काय करणं बरोबर ते मला कळत नव्हतं, नि हा प्रश्न सॉक्रेटिसापासून तुमच्याच घरचा आहे की! माणसाचं दुःख जे हलकं करत नाही ते तत्त्वज्ञान पोकळ, असं जुना ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्युरस म्हणून गेला, ते परीक्षेत पाच मार्कांना विचारता. ज्यांचं मंदिर आपल्या हिंडवाडीत आहे ते गुरुदेव रानडे अलाहाबादला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढं कुलगुरू, नि निंबाळच्या त्यांच्या आश्रमात माणसं आपापली ओझी घेऊन जायची. त्या माणसांना तिथं कुणी सांगितलं नाही की तुमचं आमच्यात बसत नाही म्हणून.

जेवताना शेजारी खानापूरचे एक काका होते. न शिकलेले, पुतण्याला सोडायला आलेले. त्यांनी एवढंच विचारलं, "मग दिवसा तुम्ही झोपता कधी?" मला घास गिळेना. अख्ख्या दिवसात कुणी मला विचारलेला तो एकच प्रश्न, नि तोही फी न घेता. तुम्हाला एवढं पण जमत नाही, तर दुकान कशाला मांडता? आधी ऐकायला शिका, मग शिकवा.

पुढच्या महिन्यात ॲडव्हान्स कोर्स आहे म्हणे, 2500 रुपये. मला मेसेज करू नका. नि सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकलंय, तेवढं दुरुस्त करून द्या.