समाजआरतीतले थांबणे
क्षणभर थांबून मन ईश्वराच्या स्वाधीन करावे, हे शरणागतीवरील लेखातले सांगणे मनापासून पटले; मात्र असे थांबणे एकांतातच साधते, हा त्यातील सूर मला मान्य नाही. हैबतबाबा आरफळकरांनी शिस्त लावलेल्या ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांनी एकत्र केलेली आरती, होते, तेव्हा सगळ्या दिंड्यांचे टाळ-मृदंग एकाच वेळी घुमत असतात आणि सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी चोप (हातातला दंड) उंचावून पुकारा करताच तो अफाट समाज निःशब्द होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती दिली जाते आणि मगच आरती सुरू होते. गाऱ्हाणे दाबून आणलेली ही शांतता नव्हे, हे मला फार मोलाचे वाटते. दिवसभराच्या चालीने पाय भरून आलेले असले, तरी त्या घटकेला पंढरपूर किती उरले याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण चालवणारी माउली आहे, हा भाव तिथे पक्का असतो. लेखकांनी या सामूहिक शरणागतीवरही सविस्तर लिहावे, ही विनंती.